डाव्या दाराचा रंग

श्रावण लागला की आमच्या देवबागच्या वाडीत मासळीच्या तेलाचा वास सुटतो. दोन महिने वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटायच्या आधी त्यांना आतून-बाहेरून तेल पाजतात. तो वास माडांमधून, खिडकीच्या गजांतून, दोरीवर कधीच न वाळणाऱ्या कपड्यांतून घरात येतो आणि चतुर्थीपर्यंत मुक्काम ठोकतो. पर्यटक नाकाला रुमाल लावतात. आम्हाला सवय आहे. मला मात्र त्या वासाच्या पाठोपाठ थिनरचा वास येतो, आणि तो प्रत्यक्षात कुठेच नसतो. कुकर लावता लावता हात थांबतो. मी मागच्या दारातून खोपीकडे बघते. खोप म्हणजे माडाच्या झापांनी शाकारलेला मांडव. पूर्वी त्यात बाबांची होडी असे, आता गाडी असते.

आज सकाळी शेजाऱ्यांनी होडीला तेल लावायला काढलं, तेव्हा मी खिडकी लावून घेतली. पाच मिनिटांनी आईने ती उघडली. चार वर्षं आमचं हे असंच चाललं आहे.

चार वर्षांपूर्वीच्या श्रावणात मी ती गाडी रंगवत होते. मी मालवणात एका शाळेत चित्रकला शिकवते. रंग हा आपला प्रांत, असा माझा समज होता. जलरंग, तैलरंग, रांगोळी, चतुर्थीच्या मखराचा पुठ्ठा, सगळं हाताखालून गेलेलं. दाबला की फुस्स करून रंग उडवणारा डबा तो काय, असं मला वाटलं होतं. माणसाने स्वतःवर इतकं खूश असू नये.

गाडी बाबांची. बाबा आयुष्यभर मासेमारीच्या होडीवर तांडेल होते, म्हणजे होडी त्यांच्या शब्दावर चालायची. गुडघे गेले तेव्हा त्यांनी होडी दिली आणि एक जुनी, फिकट निळी, छोटी गाडी घेतली. जमिनीवरची माणसं गाडीशी जसं वागतात तसं त्यांना कधी जमलं नाही. ते तिला होडीच समजले. पावसाच्या आधी तिच्या दारांना, चाकांच्या वरच्या कमानींना, खालच्या पत्र्याला मासळीचं तेल चोळायचे. शहाळ्याएवढा फडक्याचा बोळा, तेलाची वाटी आणि एक ठरलेला हात. दाराच्या मुठीपासून निघून खाली चाकाकडे उतरणारा, अर्ध्या चंद्राचा. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन आले की उरलेलं फूल गाडीच्या टपावर ठेवायचे. मी हसायचे. ते म्हणायचे, "होडी काय नि गाडी काय, खारो वारो दोगांकय खाता." संध्याकाळी गाडीभोवती एक फेरी आणि पत्र्यावरून तळवा, हा त्यांचा नेम. कुठे ओरखडा सापडला तर जेवताना घरात कोणी बोलायचं नाही. मोठ्याने ते कधीच बोलले नाहीत, पण त्यांच्या त्या गप्प बसण्याची आम्हा दोघा भावंडांना फार भीती होती.

त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीला, एका दुपारी, त्यांच्या छातीत कळ आली. मी गाडी काढली. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर बाबांचं डोकं. देवबागचा रस्ता तुम्ही पाहिला असेल तर ठाऊक असेल, एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र आणि मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. वाटेला दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, कमरेएवढ्या दगडी भिंती. समोरून पर्यटकांची बस आली. मी गाडी डावीकडे घेतली, जास्त घेतली, आणि गडग्याने मागचं डावं दार मुठीपासून चाकापर्यंत घासून काढलं. तो आवाज मी अजून ऐकते. शाळेत खडू फळ्यावर कर्र वाजला तरी ऐकते.

बस निघून गेली. वाट मोकळी झाली. माझी गाडी तशीच पुढे जाऊ शकत होती.

मी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि वळसा घालून दाराला किती लागलंय ते बघायला गेले. गाडी गडग्याला चिकटलेली, म्हणून वाकून, मान घालून बघितलं. बोटाने चाचपलं. निळ्याखालचा पांढरा थर, त्याखालचा उघडा पत्रा. बाबांना काय सांगायचं, हा विचार मनात आला. बाबा मागच्या सीटवर, काचेच्या पलीकडे मरायला टेकलेले, आणि मी त्यांच्या गाडीचा ओरखडा बघत उभी. तीन मिनिटं गेली असतील. चार असतील. मग भानावर येऊन गाडी मागे-पुढे करून काढली आणि मालवण गाठलं. तासाभरात बाबा गेले. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बघता आलं असतं. बहुधा सगळ्यांनाच असं म्हणत असतील. माझ्या डोक्यात मात्र ते 'थोडं आधी' रुतून बसलं.

दादा ठाण्याहून निघून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. सगळं आटोपल्यावर त्याने सहज विचारलं, "किती वेळ लागला गं पोचायला?" मी म्हटलं, नेहमीएवढाच. आई बाजूला बसली होती. ती माझ्याकडे न बघता उठून समईत तेल घालायला गेली.

खोप अंधारी, घासलेलं दार आवाराच्या गडग्याच्या बाजूला. दादाच्या ते लक्षात आलं नाही. पण चतुर्थीला तो येणार, गाडी काढणार, बाजारहाट करणार. तो दार बघणार, आणि कसं घासलं, कधी घासलं, मग काय केलंस, असं एकेक विचारत त्या तीन-चार मिनिटांपर्यंत येणार. म्हणून ते दार चतुर्थीच्या आत जसं होतं तसं करायचं, आणि कोणाला कळू न देता करायचं, एवढंच मी ठरवलं. मालवणातल्या गॅरेजात दिली असती तर संध्याकाळपर्यंत बातमी ठाण्याला पोचली असती. मी कुडाळला गेले, जिथे मला कोणी ओळखत नाही. गाडीच्या पाटीवरचा रंगाचा नंबर दाखवून दोन डबे, प्रायमर, पाण्यात भिजवून घासायचा वॉटर पेपर आणि चिकटपट्टी घेऊन आले. आईला म्हटलं, गाडीची जरा डागडुजी करतेय. ती म्हणाली, "कर."

पहिला रंग मारला तो इतक्या जवळून आणि इतका हावरेपणाने, की दारावर निळे ओघळ आले. ओघळ बघून माझा जीव घाबरा झाला आणि मी एक बोटाने पुसला. ओघळाच्या जागी बोटाचा चर पडला. दुसऱ्यांदा लांबून मारला. तेव्हा रंग पत्र्यावर पोचण्याआधीच हवेत सुकला आणि दार संत्र्याच्या सालीसारखं खरखरीत झालं. तिसऱ्यांदा जमलं असं वाटलं, तोच बाहेर सर आली आणि माझ्या डोळ्यांदेखत निळ्यावर दुधाळ साय धरली, जशी आजाऱ्याच्या डोळ्यावर येते. काच झाकायला लावलेला वर्तमानपत्राचा कागद ओल्या रंगाला चिकटला आणि काढल्यावर दारावर लग्नाच्या जाहिरातींची उलटी अक्षरं राहिली. एक चिलट आपणहून येऊन मध्यावर बसलं ते तिथलंच झालं. वाळू तर आमच्याकडे भातातसुद्धा असते.

शेवटी मी बस्त्यावकडे गेले. बस्त्याव मालवणातला जुना रंगारी. आधी होड्या रंगवायचा, मग गाड्या रंगवू लागला. बाबांची होडीही त्यानेच रंगवलेली. मी मोबाइलवरचे फोटो दाखवले आणि म्हटलं, मैत्रिणीची गाडी आहे. त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"मैत्रीण रंग मारता की सारवता?"

"पहिलीच वेळ आसा तिची."

"तिका सांग," तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "ओघळ इलो की तेका हात लावचो नाय. पुरतो सुकाक दी. मगे पाण्यात भिजवन कागद फिरव, हलक्या हातान, ओघळ पत्र्याबरोबर येयसर. साल उठली तरी तसाच कर. आणि पावसात मारू नको. पावसात रंग पाणी पिता. ऊन पडला, पत्रो हाताक गरम लागलो, की मार. एकदम जाड नको, चार पातळ हात दी. नि दोन हातांच्या मदी चाय पी."

मी सगळं लिहून घेतलं. निघताना तो मागून म्हणाला, "मैत्रिणीक आणखी एक सांग. डब्यातलो निळो आणि तुज्या बापसाच्या गाडयेचो निळो एक येवचो नाय. तिचो रंग उनान उतरलो आसा. डबो गाडी नवी होती तेव्हाची याद धरून बसलोहा."

मी वळून बघितलं नाही. पण स्कूटरवरून देवबागला येईपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर होतं. गाडी आता कशी आहे ते डब्याला माहीत नाही. त्याच्यासाठी काहीच घडलेलं नाही.

बस्त्यावच्या सांगण्याने मी माणसासारखी कामाला लागले. घासण्यातलं समाधान तेव्हा कळलं. पाण्यात कागद बुडवायचा, गोल नाही, सरळ फिरवायचा, निळं पाणी ओघळत जातं, बोटांची टोकं सुरकुततात. तळव्याने बघायचं, डोळ्याने नाही. डोळा फसतो, तळव्याला खळगा बरोबर कळतो. बाबा रोज तळवा का फिरवायचे ते मला त्या दिवसांत समजलं. ते समजून घ्यायला त्यांच्या दाराची साल काढावी लागली, याची लाज वाटली. ते दार मी त्या दुपारनंतर उघडलं नव्हतं. सीटवर अजून आईचा टॉवेल होता, बाबांचा घाम पुसलेला. काचेतून दिसायचा. मी काचेवर कागद लावला तो रंगासाठीच, असं स्वतःला सांगितलं.

शाळेतून आले की घासायचं, थिनरने पुसायचं, रात्रभर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी ऊन असेल तर संध्याकाळच्या आत पातळ हात मारायचा, असा क्रम ठरला. पहिल्या दिवशी रंग छान बसला. मी दोन पावलं मागे जाऊन बघत होते, आणि बघता बघता रंगाला भोकं पडू लागली. लहान, गोल. ओला रंग कशाला तरी भिऊन बाजूला सरकावा तसा जागोजागी सरकला आणि मध्ये पत्रा दिसू लागला. वीस-पंचवीस डोळे उघडले म्हणा. मी सगळं घासून काढलं. पुन्हा पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा रंग, पुन्हा डोळे. तिसऱ्यांदा मी थोडी लांब उभी होते, म्हणून त्यांची रांग दिसली. मुठीपाशी सुरू होऊन चाकाकडे उतरणारा अर्धा चंद्र.

तो हात मला ओळखता आला. आमच्या घरातलं कुणीही ओळखेल.

पावसाळ्यातलं पिवळं ऊन पडलं होतं. बाजूच्या वाडीत होडीला तेल लावणाऱ्यांच्या गप्पा ऐकू येत होत्या. दिवसाउजेडी, माणसांच्या हाकेच्या अंतरावर, माझ्या अंगावर काटा आला. मी हलक्या आवाजात म्हटलं, "बाबा, पुरे." झापांवरून एक थेंब टपावर पडला. मी तिथून घरात आले आणि हात धूत राहिले. आई चहा करत होती. तिला मी काही सांगितलं नाही. माझी खात्रीच झाली होती की बाबांना सगळं ठाऊक आहे, आणि जोवर मी बोलत नाही तोवर ते त्या जागी रंग बसू देणार नाहीत. शिकलेली बाई आहे मी. तरी खात्री झाली होती.

चतुर्थीला नऊ दिवस उरले तेव्हा मी बस्त्यावलाच घरी आणलं. मैत्रिणीचं नाटक त्यानेच बाजूला ठेवलं. दारासमोर उकिडवा बसला, चंद्रावरून बोट फिरवलं, बोटाला बोट चोळून बघितलं.

"ह्येका फिशआय म्हणतत, माशाचो डोळो. तेल आसा ह्या."

"थिनरान पुसलंय मी."

"कदी?"

"काल. घासून झाल्यार."

"आणि रंग आज. मगे मदी कोणी तरी तेल लावल्यान."

"घरात आम्ही दोगीच आसो."

बस्त्यावने मान वर केली. खोपीच्या मेढीला, म्हणजे लाकडी खांबाला, बाबांचा तेलाचा डबा टांगलेला होता, त्यावर फडक्याचा बोळा. त्याने ते बघितलं, मी ते बघताना त्याला बघितलं, आणि त्याने नकळत छातीवर क्रूस काढला. मग जाताना आवाज चढवून, जणू डब्यालाच ऐकू जावं म्हणून, म्हणाला, "रंग मारूच्या अगदी आदी पूस. सोच्छ फडक्यान. आणि फडक्याची बाजू दर वेळी बदल, नायतर हयचा तेल थंय जाता."

दुसऱ्या दिवशी शाळेत दोन तास लवकर सुट्टी झाली. मी घरी आले तेव्हा बारा वाजत होते. मागच्या दाराने आत शिरताना खोपीत कोणी तरी वाकलेलं दिसलं. पाठमोरं. हात दाराच्या मुठीपासून निघाला, खाली उतरला, चाकापाशी थांबला. पुन्हा वर गेला.

आई होती.

मी रागावले. आधी भीती होती ना, ती उतरताना रागच आला. "आये, काय करतंस?"

"तेल लावतंय," ती न दचकता म्हणाली.

"कित्याक? आठ दिवस मी मरतंय हय. तुज्या तेलान रंग बसना नाय."

"तू दररोज घासतंस. लोखंड उघडा पडता. खारो वारो आसा. असोच ठेवन गेलंस तर गंजात नाय?" तिने बोळा वाटीत बुडवला. "आणि मी माज्या मनान लावणंय नाय. तेनाच सांगल्यान."

"कोणी?"

"तुज्या बापसान."

"कदी?"

आईने पदराने हात पुसले. तेलाचे हात पदराला पुसायची तिला सवय नव्हती. "तू दार बघूक खाली उतरलंस, तेव्हा."

गेले अडीच महिने या घरात त्या वेळेबद्दल कोणी एक शब्द काढला नव्हता. मी खोपीतल्या ओंडक्यावर बसले.

"ते बोलत होते?"

"गाडी चालू होती तवसर तोंड हलवी होतो. माका काय एक आयकाक येय नाय होता. आवाज केवढो त्या गाडयेचो. तू बंद केलंस, मगे आयकाक इला." ती दाराकडेच बघत होती. "म्हणालो, तिका काय बोलू नको. घासली तर घासली. वायच तेल लाव थंय, पावसाच्या आदी."

"आणखी?"

आईने वाटीच्या काठाला लागलेलं तेल बोळ्याने टिपलं. मग म्हणाली, "माजा नाव घेतल्यान."

आमच्या घरात आईचं नाव फक्त रेशनकार्डावर होतं. बाबा तिला 'आयकलंस' म्हणून हाक मारायचे, ती त्यांना 'आयकलात' म्हणायची. चाळीस वर्षांच्या संसारात तिने स्वतःचं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं ते त्या गडग्यापाशी, बंद गाडीत. मी काचेच्या बाहेर वाकून ओरखडा चाचपत असताना.

मला रडू आलं. आई जवळ आली नाही, समजूत घातली नाही. तिने चंद्र पुरा केला, बोळा डब्यावर ठेवला आणि म्हणाली, "उठ. पेज निवता."

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी सुटले नाही. ती मिनिटं जिथे होती तिथेच राहिली, 'थोडं आधी' हे शब्दही राहिले. फक्त इतके दिवस ती मिनिटं मी बाबांची घेतली असं धरून चालले होते. ती कुणाला तरी मिळालीही होती, हे मला ठाऊक नव्हतं.

दारावर मी प्रायमरचा एक राखाडी हात दिला आणि डबे उचलून ठेवले. निळा रंग पुन्हा मारला नाही.

दादा चतुर्थीच्या आदल्या दिवशी आला. सुतकाचं वर्ष, गणपती दीड दिवसाचाच करायचा होता. सामान उतरवून तो थेट खोपीत गेला आणि मी त्याच्या मागे गेले. राखाडी तुकडा बघून त्याने माझ्याकडे बघितलं. मी पाठ केलेलं काही नव्हतं, त्यामुळे सरळ सांगून टाकलं. बस, गडगा, इंजिन बंद केलं, उतरले, तीन मिनिटं, कदाचित चार. तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले. आईने सांगितलेलंही सांगितलं.

दादा दारापाशी वाकला. त्याने तळवा त्या राखाडी जागेवरून फिरवला, मुठीपासून चाकापर्यंत, आणि बोटं हुंगली.

"बाबांच्या गाडीला लागलं आणि बघायला उतरला नाही, असा या घरात कोण आहे?" तो म्हणाला. "मीपण उतरलो असतो."

मग म्हणाला, आधी सांगायचं होतंस. मग बाजारात गेला, त्याच गाडीने.

आता वाडीत कोणाच्या गाडीला खरचटलं की लोक मला विचारतात. मी सांगते. ओघळाला हात लावू नका, वाट बघा. पावसात मारू नका. पातळ हात द्या. डब्यातला रंग जुळणार नाही, तेव्हा तुकडा न रंगवता सांध्यापासून सांध्यापर्यंत पूर्ण दार रंगवा, म्हणजे फरक कमी दिसतो. रंगाला डोळे पडले तर पत्र्यापर्यंत घासा, पुसा, फडकं बदला. सगळ्याला उपाय आहे, हे मी अगदी खात्रीने सांगते. मग ते आमच्या गाडीच्या डाव्या दाराकडे बघतात आणि भिडेपोटी विचारत नाहीत.

गेल्या वर्षापासून आईला विसर पडू लागला आहे. आधी मिठाचा, मग वारांचा, आता माणसांचा. शेजारीण येऊन गेली की विचारते, कोण होती ती? बाबा गेले हे कधी लक्षात असतं, कधी नसतं. गडग्यापाशी बाबा काय बोलले, ते मला पुन्हा एकदा तिच्या तोंडून ऐकायचं होतं. मी पुढे ढकलत राहिले. मागच्या महिन्यात धीर करून विचारलं तर म्हणाली, "खंयचो गडगो?" ते दार बंद झालं. बाबा खरंच तसं बोलले होते, की लेकीची अवस्था बघून आईने तिथल्या तिथे ते रचलं, हे आता कोणालाच विचारता येणार नाही. श्रावणात हा प्रश्न मला घेरतो. तेलाचा वास आला की मी खिडकी लावून घेते ती त्यासाठीच.

आज तिने खिडकी उघडली, वास घेतला आणि उठून खोपीकडे चालू लागली. पाय लटपटतात, म्हणून मी दंडाला धरून नेलं. मेढीवरचा डबा तिने बरोबर ओळखला. मी वाटीत तेल ओतलं, बोळा तिच्या हातात दिला. ती दारासमोर उभी राहिली आणि राखाडी जागा बघून तिचा चेहरा ओढला गेला. ती दर वेळी नव्यानेच बघते.

"ह्या कोणी केल्यान?"

आणि दर वेळी मला नव्याने सांगावं लागतं. आजही सांगितलं. "मी केलंय, आये. गडग्याक घासली. तुमी दोगा आत होतास. आणि मी गाडी बंद करून बघूक उतरलंय."

तिने माझ्याकडे बघितलं. मी कोण आहे हे तिला त्या क्षणी ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

"घासली तर घासली," ती म्हणाली. "वायच तेल लावया."

तिचा हात मुठीपर्यंत पोचत नव्हता. मी तो धरून वर नेला, आणि पुढे त्याला वाट दाखवावी लागली नाही.